एका लहान नभोवाणी-केंद्राची हकीगत

ज्युबिलीच्या प्रसंगीं मागें वळून पाहण्याची चाल आहे. आपल्या वाडवडिलांनीं काय सोसलें, पहिला दगड कोणीं ठेवला, कोणत्या धर्मगुरूंनीं कोणत्या पाड्यापर्यंत पायपीट केली, ह्याची आठवण अशा अंकांतून केली जाते, आणि तें योग्यच आहे. परंतु मनुष्यांचा इतिहास केवळ दगडमातीच्या इमारतींतच सांठलेला असतो असें नाहीं. कधीं कधीं तो एखाद्या आवाजांत सांठलेला असतो. आवाज हवेंत विरून जातो. त्याची कोनशिला कोणी बसवीत नाहीं. म्हणून तो लवकर विसरलाही जातो. अशाच एका आवाजाची हकीगत आम्ही मसोलीच्या व आसपासच्या धर्मबांधवांपुढें मांडूं इच्छितों.

हा आवाज एका अगदीं लहान नभोवाणी-केंद्राचा होता. त्याला इमारत नव्हती, दारावर पाटी नव्हती, पगारी नोकरवर्ग नव्हता. सावंतवाडीच्या वरच्या अंगास आंबोलीच्या रानांत एका लॉरींत ठेवलेलें यंत्र आणि तें चालविणारीं दोन-तीन माणसें, एवढाच त्याचा संसार. तें केंद्र सहा वर्षें चाललें आणि काम संपतांच बंद झालें. वाचक विचारतील कीं, डहाणू-तलासरीकडील माणसांना आंबोलीच्या रानाशीं काय कर्तव्य? ह्याचीं उत्तरें दोन आहेत. एक असें कीं, ज्या यंत्रांतून तें केंद्र उभें राहिलें, तीं आमच्या वेशीला लागून असलेल्या दादरा-नगर हवेलींतून तिकडे गेलीं होतीं. दुसरें असें कीं, त्या केंद्रानें ज्या प्रश्नास उत्तर दिलें तो प्रश्न आम्हां ख्रिस्ती लोकांस आजही विचारला जातो: तुमचा धर्म परक्या राज्याबरोबर आला, तेव्हां तुमचें मन नेमकें कोठें आहे?

नभोवाणी आपल्याकडे कशी आली

मुंबईस १९२३ सालीं रेडिओ क्लबानें ध्वनिक्षेपणाचे पहिले प्रयोग केले. पुढें १९२७ च्या जुलै महिन्यांत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. ती कंपनी तीन वर्षांच्या आंतच बुडाली. सरकारनें तो व्यवहार आपल्या हातीं घेतला, आणि १९३६ सालीं त्याला ऑल इंडिया रेडिओ हें नांव मिळालें. ख्रिस्तसभेनेंही ह्या नव्या साधनाकडे पाठ फिरविली नाहीं. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं पोप अकरावे पायस ह्यांच्या हस्तें व्हॅटिकन नभोवाणीचें उद्घाटन झालें. तिची उभारणी स्वतः मार्कोनी ह्यांनीं केली होती. पुढें १९५१ सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं गाब्रिएल महादूतास दूरसंदेशाच्या कामांत असलेल्या लोकांचा आश्रयदाता संत ठरविलें. जो देवदूत नाझरेथास निरोप घेऊन गेला, त्याच्याकडेच निरोप पोंचविणाऱ्यांचें रक्षण सोंपवावें, हें सर्वथैव उचित होय.

तथापि ह्या साधनांत एक मोठी अडचण होती. ज्याच्या हातीं यंत्र, त्याचाच आवाज दूरवर जाई. आणि यंत्र बहुतेक ठिकाणीं सरकारच्या हातीं असे. गोमंतकांत पणजी येथें १९४६ सालीं पोर्तुगीज सरकारचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. त्याला एमिसोरा द गोवा म्हणत. त्याच वर्षीं १८ जून रोजीं मडगांव येथें डॉ. राममनोहर लोहिया ह्यांनीं सभाबंदी मोडली, आणि त्यांच्या बरोबर डॉ. ज्युलियांव मिनेझिस हे गोमंतकीय ख्रिस्ती घराण्यांतील गृहस्थ होते. म्हणजे एकाच वर्षीं गोमंतकांत सरकारला नभोवाणी मिळाली आणि लोकांनींही तोंड उघडलें. परंतु पहिल्याजवळ यंत्र होतें, दुसऱ्यांजवळ नव्हतें. वर्तमानपत्रांवर सरकारी सेन्सॉरची कात्री चाले. लोकांनीं बोलावें तरी कोठून?

यंत्र नसलेल्यांनीं यंत्र मिळवून बोलण्याचा एक धडा मुंबईनें आधींच घालून दिला होता. १९४२ च्या ऑगस्टमध्यें कुमारी उषा मेहता व त्यांचे सोबती ह्यांनीं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. यंत्राची लहर कोणत्या दिशेनें येते हें दोन ठिकाणांहून मोजलें, कीं त्या दोन रेषा जेथें एकमेकींस छेदतात तेथें यंत्र सांपडतें. म्हणून पोलिसांस चुकविण्यासाठीं तें एका घरांतून दुसऱ्या घरांत हलवावें लागे. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं तें पकडलें गेलें. त्याचें आयुष्य अवघें तीन महिन्यांचें ठरलें. गुप्त नभोवाणी सुरू करणें कठीण, आणि टिकविणें त्याहून कठीण, हें त्यावरून दिसून आलें.

आमच्या वेशीवर घडलेली गोष्ट

आतां आपल्या भागाकडे वळूं. डहाणूचा किनारा एके काळीं पोर्तुगीजांच्या दमणच्या अमलाखालीं होता. १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत डहाणू, तारापूर, वसई हीं ठाणीं मराठ्यांच्या हातीं आलीं आणि पोर्तुगीज ध्वज उतरला. ध्वज उतरला, पण धर्म उतरला नाहीं. वसईकडील ख्रिस्ती घराणीं आपापल्या गांवीं राहिलीं, शेती-बागाईत करीत राहिलीं, मराठींत बोलत व प्रार्थना करीत राहिलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मराठे व पोर्तुगीज ह्यांच्यांत १७७९ सालीं तह झाला. त्या तहाच्या अनुषंगानें १७८३ सालीं नगर हवेली पोर्तुगीजांकडे गेली, आणि दादरा हें गांव १७८५ सालीं त्यांच्याकडे आलें. दोन्ही मुलुख समुद्रापासून तुटलेले. दमणहून तेथें जावयाचें तर दुसऱ्याच्या हद्दींतून जावें लागे. इंग्रजी अमलांत त्याची फारशी अडचण पडली नाहीं. परंतु भारत स्वतंत्र झाल्यावर ती हद्द स्वतंत्र भारताची झाली.

२१ जुलै १९५४ च्या रात्रीं युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्स ह्या संघटनेचे स्वयंसेवक श्री. फ्रान्सिस मस्कारेन्हस ह्यांच्या नेतृत्वाखालीं दादऱ्यांत शिरले. तेथील पोलीस ठाण्याचें रक्षण करीत असतांना अनिसेतो दो रोझारियो हा अधिकारी मारला गेला. नांवांकडे पाहावें: चढाई करणाऱ्यांचा पुढारी मस्कारेन्हस, आणि ठाण्यांत पडलेला अधिकारी रोझारियो. दोन्ही बाजूंस ख्रिस्ती नांवें होतीं. ह्या लढ्याला धर्मयुद्धाचें रूप देणें किती चुकीचें होतें, हें त्या पहिल्या रात्रींच दिसून आलें. आणि भावाभावांच्या ह्या वैरांत काय दुःख भरलें होतें, हेंही दिसून आलें.

त्यानंतर २८ जुलै रोजीं नरोली आणि २ ऑगस्ट रोजीं सिल्वासा स्वयंसेवकांच्या हातीं आलें. ह्या पुढच्या कामगिरींत आझाद गोमांतक दल व इतर संघटना होत्या. पुढच्याच वर्षीं पुणें आकाशवाणीवरील गीतरामायणामुळें ज्यांचा स्वर घरोघर पोंचला, ते श्री. सुधीर फडके हेही ह्या लढ्यांत सामील होते; आणि त्याच्या निधीसाठीं लता मंगेशकर ह्यांच्या गायनाचा कार्यक्रम पुण्यास झाला होता. पोर्तुगीज कप्तान फिदाल्गो हा सुमारें दीडशें शिपायांसह खानवेलकडे मागें सरला होता. त्यानें ११ ऑगस्ट १९५४ रोजीं उधवा येथें शरणागति पत्करली. डहाणूहून तलासरीमार्गें उधव्यास जाणारा रस्ता आमच्या वाचकांच्या पायाखालचा आहे. लिस्बनच्या साम्राज्याचा एक तुकडा त्या रस्त्याच्या टोकाशीं गळून पडला, ही गोष्ट मात्र आज त्या रस्त्यानें जाणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असेल.

ह्या धामधुमींत पोर्तुगीजांचीं दोन बिनतारी यंत्रें स्वयंसेवकांच्या हातीं आलीं. येथून आमच्या हकीगतीचा धागा दक्षिणेकडे, गोमंतकाच्या सरहद्दीकडे जातो.

दार बंद झाल्यावर

नगर हवेलींत जें साधलें तें गोमंतकांतही साधेल, अशी अनेकांस आशा वाटली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं भारताच्या नाना प्रांतांतून आलेले हजारों निःशस्त्र सत्याग्रही गोमंतकाच्या सरहद्दीवर गेले. त्यांच्यावर पोर्तुगीज पोलिसांनीं गोळीबार केला व अनेक सत्याग्रही प्राणांस मुकले. त्यानंतर सरहद्द दोन्ही बाजूंनीं आवळली गेली. आगगाडी बंद झाली, व्यापार बंद झाला, येणेंजाणें जवळ जवळ थांबलें. मुंबईंत नोकरी करणारा मुलगा आणि साळगांव-शिवोलीला राहणारी त्याची आई, ह्यांच्यामध्यें एक भिंतच उभी राहिली.

भिंतीच्या आंतल्या बाजूस एकच आवाज उरला; तो सरकारचा. पोर्तुगालनें १९५१ सालीं आपल्या वसाहतींस ‘सागरपार प्रांत’ असें नांव दिलें होतें. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालचाच भाग आहे, तेथील ख्रिस्ती लोक मनानें पोर्तुगीजच आहेत, आणि भारताचें राज्य आलें तर त्यांच्या धर्मास व चर्चांस धोका आहे, असा त्या पक्षाचा युक्तिवाद असे. हा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. चार शतकांच्या सहवासानें भाषा, पोषाख, संगीत, घरांची ठेवण ह्यांवर ठसा उमटलेला होता. आणि ज्यांनीं आपली चर्चें पिढ्यान् पिढ्या श्रमानें उभारलीं, त्यांस त्या चर्चांविषयीं भीति वाटणें हें स्वाभाविक होतें. अशी भीति बंदुकीनें जात नाहीं. ती कोणीतरी आपल्या माणसानें, आपल्या भाषेंत, शांतपणें बोलूनच जावी लागते.

त्या बोलण्यास जागा मोकळी झाली होती. पोप बारावे पायस ह्यांस पंडित जवाहरलाल नेहरू १९५५ च्या जुलैमध्यें रोम येथें भेटले. गोव्याचा प्रश्न हा राजकीय आहे, धार्मिक नव्हे, ही गोष्ट पोपमहाशयांस मान्य असल्याचें नेहरूंनीं त्या भेटीनंतर सांगितलें. ख्रिस्ती घराण्यांत जन्मलेले डॉ. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा हे तर त्यापूर्वीं कित्येक वर्षें लोकांस आपली मूळची ओळख विसरूं नका असें बजावीत आले होते, व त्यासाठीं त्यांनीं कारावासही भोगला होता. परंतु रोमची गोष्ट आणि कुन्हांचे विचार म्हापशाच्या एखाद्या घरांत पोंचवावयाचे कसे? कागद सरहद्दीवर अडवितां येतो. लहर अडवितां येत नाहीं.

रानांतील लॉरी

बिनतारी यंत्र म्हणजे नभोवाणी नव्हे. पोलीस ठाण्यांतील यंत्र एका ठाण्याचा निरोप दुसऱ्या ठाण्यास पोंचवितें. नभोवाणीचा आवाज ज्याच्याजवळ रेडिओ असेल त्या प्रत्येकास ऐकूं जावा लागतो. म्हणून नगर हवेलींतून आलेल्या त्या दोन यंत्रांत फेरफार करून त्यांतून एक ध्वनिक्षेपक यंत्र तयार करण्यांत आलें. पोर्तुगीजांचे हुकूम वाहून नेण्यासाठीं आणलेलें यंत्र त्यांच्याच राज्याविरुद्ध बोलूं लागलें.

२५ नोव्हेंबर १९५५ रोजीं ह्या केंद्राचा पहिला कार्यक्रम झाला. कॅथॉलिक वाचकांस ही तारीख ओळखीची वाटेल. ती संत कॅथरीनचा सण म्हणून पाळण्यांत येणारी तारीख. १५१० सालीं ह्याच दिवशीं आल्बुकेर्कनें गोवा शहर घेतलें, आणि त्याच कारणानें जुन्या गोव्याचें महामंदिर संत कॅथरीनला वाहिलेलें आहे. ज्या दिवशीं पोर्तुगीज सत्ता तेथें रुजली, त्याच दिवशीं ४४५ वर्षांनीं तिला निरोप देणारा आवाज घाटमाथ्यावरून निघाला. केंद्राचें नांव पोर्तुगीजमध्यें ‘व्होझ द लिबर्दाद’ असें होतें. कोंकणींतही त्याच अर्थाचें नांव होतें. मराठींत त्याला ‘स्वातंत्र्याचा आवाज’ म्हणतां येईल.

तें चालविणारीं माणसें तीन: श्री. वामन सरदेसाई, कुमारी लिबिया लोबो, आणि श्री. निकोलाव मिनेझिस. पैकीं मिनेझिस ह्यांनीं कांहीं काळानें हें काम सोडलें, आणि पुढचा सर्व भार सरदेसाई व लोबो ह्या दोघांवर आला. एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघेंही गोमंतकीय. लिबिया लोबो ह्यांचा जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत त्यांनीं इटालियन युद्धकैद्यांच्या पत्रव्यवहाराच्या तपासणीचें काम केलें होतें, आणि पुढें मुंबईच्या ऑल इंडिया रेडिओंतही त्या नोकरीस होत्या. सेन्सॉरची कात्री कशी चालते हें त्यांनीं आंतून पाहिलें होतें. आतां त्या कात्रीच्या पलीकडे आवाज पोंचविण्याचें काम त्यांनीं पत्करलें.

आंबोली हें ठिकाण समुद्रसपाटीपासून सुमारें ६९० मीटर उंचीवर आहे. तेथें वर्षाला ७,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. डहाणूचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांनीं त्याच्या तिप्पट-चौपट पावसाची कल्पना करावी. कपडे वाळत नाहींत, कागदास बुरशी येते, जळवा अंगास चिकटतात, धुकें दिवसेंदिवस उठत नाहीं. अशा रानांत, वस्तीपासून दूर, ओळख लपवून त्यांनीं आपलें बिऱ्हाड केलें. इतर देशांच्या नभोवाण्या ऐकाव्या, मिळतील तीं वर्तमानपत्रें वाचावीं, टिपणें काढावीं, पोर्तुगीज व कोंकणी अशा दोन्ही भाषांत मजकूर लिहावा, आणि ठरल्या वेळीं ध्वनिक्षेपकापुढें बसून तो वाचावा, हा रोजचा क्रम. पोर्तुगीज सरकारच्या प्रचारास उत्तर, भारतांतील व जगांतील बातम्या, आणि आशिया-आफ्रिकेंतील इतर वसाहती कशा स्वतंत्र होत आहेत ह्याची माहिती, हें त्या कार्यक्रमांचें अंग होतें.

येथें आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. नभोवाणीवर बोलणाऱ्यास आपला ऐकणारा दिसत नाहीं. व्यासपीठावरील वक्त्यास टाळ्या ऐकूं येतात, प्रवचन देणाऱ्या धर्मगुरूस समोरचे चेहरे दिसतात. परंतु त्या लॉरींत बसलेल्या दोघांस समोर केवळ यंत्र दिसे. तिकडे गोमंतकांत ज्यांनीं दारें लावून, आवाज बारीक करून हें केंद्र ऐकावें, त्यांना पत्र पाठवून ‘आम्ही ऐकतों’ एवढेंही कळवितां येत नव्हतें. उत्तर न मिळतां रोज बोलत राहणें, आणि तें दिवस-दोन दिवस नव्हे, तर सहा वर्षें, हें श्रद्धेवांचून होत नाहीं. अरण्यांत घोषणा करणाऱ्या योहानाची आठवण आम्हां ख्रिस्ती वाचकांस येथें झाल्याशिवाय राहत नाहीं.

आणि त्या आवाजाचें खरें सामर्थ्य त्याच्या युक्तिवादांत जितकें होतें, तितकेंच तो आवाज कोणाचा होता ह्यांतही होतें. गोव्याचा ख्रिस्ती माणूस मनानें पोर्तुगीजच आहे, असें एक नभोवाणी सांगत होती. त्याच वेळीं दुसऱ्या नभोवाणीवरून गोव्याचीच एक ख्रिस्ती कन्या, शुद्ध पोर्तुगीजमध्यें आणि घरच्या कोंकणींत, स्वातंत्र्याविषयीं बोलत होती. ह्याहून दुसरा पुरावा कोणता हवा होता?

डिसेंबर १९६१

मध्यंतरीं हें केंद्र आंबोलीहून कॅसलरॉकच्या बाजूच्या रानांत हलविण्यांत आलें, आणि काम चालू राहिलें. इकडे आमच्या सीमेवरील प्रश्नही जगाच्या दरबारीं गेला होता. पोर्तुगालनें १९५५ च्या अखेरीस हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत भारतावर फिर्याद केली होती. तिचा निकाल १२ एप्रिल १९६० रोजीं लागला. दादरा-नगर हवेलीकडे लष्कर, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रें भारताच्या हद्दींतून नेण्याचा पोर्तुगालला हक्क नाहीं, असें न्यायालयानें ठरविलें. पुढें ऑगस्ट १९६१ मध्यें दादरा-नगर हवेली भारतांत रीतसर विलीन झाली. पुढच्या चार महिन्यांत गोमंतकाचाही निकाल लागावयाचा होता.

१८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सेना गोमंतकांत शिरली. तत्पूर्वीं पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल वासालो ए सिल्वा ह्यांनीं व्यर्थ रक्तपात न करतां शरण यावें, असा संरक्षणमंत्री श्री. कृष्ण मेनन ह्यांचा संदेश ह्याच लहान केंद्रावरून ऐकविण्यांत आला होता. १८ तारखेस भारतीय विमानांनीं बांबोळी येथील पोर्तुगीजांच्या बिनतारी केंद्रावर हल्ला करून तें बंद पाडलें. दुसऱ्या दिवशीं, १९ डिसेंबरच्या सायंकाळीं, गव्हर्नर-जनरलनीं शरणागतीवर सही केली. शेवटच्या शिपायापर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम त्यांनीं पाळला नाहीं. त्यामुळें पुढें मायदेशीं त्यांस फार सोसावें लागलें. परंतु त्यांच्या त्या निर्णयामुळें किती घरें व किती जीव वांचले, ह्याचाही हिशेब इतिहासानें ठेवला पाहिजे.

त्या दोन दिवसांत २२ भारतीय व ३० पोर्तुगीज कामास आले. दोन्हीकडील मृतांसाठीं प्रार्थना करणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों. ह्या लष्करी कारवाईविषयीं जगांत सर्वांचें एकमत झालें नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितींत तिच्याविरुद्ध ठराव आला, आणि तो सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारानें अडला. स्वतः पोर्तुगालनें गोव्यावरील भारताचें सार्वभौमत्व मान्य केलें तें १९७४ सालच्या अखेरीस, तेथील राजवट बदलल्यावर.

शरणागतीनंतर लिबिया लोबो व वामन सरदेसाई हीं दोघें भारतीय वायुदलाच्या एका विमानांत बसून गोमंतकावरून फिरलीं. विमानास ध्वनिवर्धक लावलेला होता. त्यावरून त्यांनीं कोंकणी व पोर्तुगीज भाषांत गोवा मुक्त झाल्याची वार्ता सांगितली आणि पत्रकें खालीं टाकलीं. सहा वर्षें जो आवाज भिंतीआडून, रानांतून, बारीक केलेल्या रेडिओंतून ऐकूं येई, तो आतां उघड्या आकाशांतून आला. सहा वर्षें ज्यांनीं आपला ऐकणारा पाहिला नव्हता, त्यांस तो प्रथमच खालीं अंगणांत उभा राहून वर पाहतांना दिसला असेल.

काम संपल्यावर

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. काम संपलें म्हणून केंद्र बंद झालें. जानेवारी १९६२ मध्यें पणजीस आकाशवाणीचें केंद्र सुरू झालें. लिबिया लोबो ह्या गोवा, दमण व दीवच्या पहिल्या पर्यटन-संचालक झाल्या. वामन सरदेसाई पुढें अंगोलामध्यें भारताचे राजदूत झाले. जो देश पूर्वीं पोर्तुगालचीच वसाहत होता, तेथें त्यांनीं स्वतंत्र भारताचा प्रतिनिधि म्हणून पाऊल ठेवलें. तीं दोघें १९६४ सालीं विवाहबद्ध झालीं. सरदेसाई ह्यांस १९९२ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला, आणि १९९४ सालीं ते निवर्तले. लिबिया लोबो-सरदेसाई ह्यांस तोच किताब २०२५ सालीं, वयाचीं शंभर वर्षें पूर्ण झाल्यावर, जाहीर झाला. रानांतील आवाजाची दाद लागावयास एवढा काळ लागला.

आणि ती भीति? चर्चें राहतील काय, धर्म राहील काय, ही भीति? १९६४ च्या डिसेंबरांत मुंबईस जागतिक युखारिस्त संमेलन भरलें व पोप सहावे पॉल स्वतः भारतांत आले. त्याच हंगामांत जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचें दर्शन भाविकांस खुलें करण्यांत आलें. परक्या ध्वजावांचून तें दर्शन प्रथमच होत होतें; यात्रा मात्र थांबली नाहीं. १७३९ नंतर वसईस जें झालें, तेंच १९६१ नंतर गोमंतकांत झालें. ध्वज उतरला, पण घंटा वाजत राहिली. ज्यांनीं भीतीमुळें किंवा जुन्या ऋणानुबंधामुळें त्या वेळीं पोर्तुगालची वाट धरली, त्यांस दोष देण्याचें आमच्या मनांत नाहीं; घर सोडणाऱ्याचें दुःख घर सोडणाराच जाणतो. तथापि धर्म हा राज्यकर्त्याच्या मेहेरबानीवर उभा नसतो, ही गोष्ट अनुभवानें सिद्ध झाली.

आतां काळ पालटला आहे. २००६ सालापासून भारतांत सेवाभावी संस्थांसही लहान सामुदायिक नभोवाणी-केंद्र चालविण्याची परवानगी मिळूं लागली. माणदेशांतील म्हसवड येथें २००८ सालीं सुरू झालेलें माणदेशी तरंग वाहिनी हें त्याचें एक उदाहरण. एका लहान गांवानें आपल्या भाषेंत आपल्या पिकापाण्याच्या व घरच्या गोष्टी आपणच सांगाव्या, ह्यासाठीं रानांत लपून बसण्याची आतां गरज उरली नाहीं. इतकेंच नव्हे, तर प्रत्येकाच्या खिशांतच एक यंत्र आलें आहे, आणि प्रत्येकास दूरवर बोलतां येतें. पूर्वीं यंत्र दुर्मिळ होतें, आतां विश्वासाचा शब्द दुर्मिळ झाला आहे. खोटी वार्ता पाड्यापाड्यांत एका क्षणांत पोंचते, आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याची भीति वाटूं लागते. अशा वेळीं त्या लॉरींतील दोघांची आठवण आम्हांस उपयोगी वाटते. भीति घालणाऱ्या आवाजास त्यांनीं शिव्यांनीं उत्तर दिलें नाहीं. आपल्या माणसांच्या भाषेंत, रोज, न कंटाळतां बोलत राहून दिलें.

आमच्या तरुणांस जेव्हां कोणी विचारील कीं, तुमचा धर्म परक्यांबरोबर आला, तेव्हां तुम्ही कोणाचे? तेव्हां त्यांनीं रागावूं नये, गोंधळूंही नये. आपल्या वेशीवरून गेलेल्या त्या दोन यंत्रांची ही हकीगत सांगावी; १७३९ सांगावें, उधवा सांगावें, आंबोली सांगावी. ज्या गाब्रिएल महादूताकडे निरोप पोंचविणाऱ्यांचें रक्षण सोंपविलेलें आहे, तो आमच्याही तोंडीं सत्य, निर्भय व प्रेमळ शब्द घालो, आणि आमची घंटा ह्या भूमींत, ह्या लोकांत, ह्या भाषेंत सदैव वाजत राहो, एवढीच ज्युबिलीच्या ह्या मंगल प्रसंगीं प्रभूच्या चरणीं आमची प्रार्थना.